सूरश्री केसरबाई आणि साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका

उत्सवाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची बैठक बसली की दरवर्षी एक वाद ठरलेला असतो : ऑर्केस्ट्रा ठेवायचा की शास्त्रीय गायन? ऑर्केस्ट्राला गर्दी होते, वर्गणीदार खूष असतात. गायनाला पुढच्या चार रांगा भरतात. मी रुळांवर काम करणारा डिप्लोमाधारक इंजिनियर, गाण्यातला जाणकार नव्हे. पण या वादाच्या निमित्ताने केसरबाई केरकरांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी, कलावंत घराण्यात झाला. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे आणि सोळाव्या वर्षी मुंबईला आल्यावर बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांच्याकडे त्या शिकल्या. प्रत्येक गुरू थोडा थोडा लाभला. अखेर १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब यांचा गंडा त्यांनी बांधला. तिशीच्या उंबरठ्यावर असलेली ही गायिका पुन्हा पहिल्या सुरापासून शिकायला बसली. खाँसाहेब १९४६ मध्ये पैगंबरवासी झाले, तोपर्यंत हे शिक्षण चालू राहिले. आमच्याकडे रूळ बदलल्यावर गाडी पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने सोडत नाहीत, वेगमर्यादा टप्प्याटप्प्याने उठवतात. केसरबाईंची तालीम वाचताना मला हेच आठवते.

हा काळ ग्रामोफोनचा होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या घराण्यात एक राग तासभर उलगडायचा, त्याने एवढ्या वेळात काय सांगावे? अल्लादिया खाँसाहेबांनी तर ध्वनिमुद्रिका दिलीच नाही. केसरबाईंनी दिल्या, पण मोजक्याच. मैफिलीतही मायक्रोफोनचे त्यांना वावडे होते. खुल्या आकारातला मोकळा आवाज समोर बसलेल्या श्रोत्यापर्यंत थेट पोचावा, हा त्यांचा आग्रह असे.

मात्र यावरून त्यांना पैशाचे वावडे होते असे कोणी समजू नये. त्यांची बिदागी जबर असे आणि ती ठरल्याशिवाय मैफल ठरत नसे. ज्या समाजातील स्त्रियांच्या गाण्याला लोक दाद देत पण माणूस म्हणून मान देत नसत, त्या समाजात जन्मलेल्या बाईने आपल्या विद्येचे मोल स्वतः ठरवावे, यात व्यवहाराइतकाच स्वाभिमान होता. गाण्याचे पैसे घ्यायचे, पण काय गायचे आणि कसे गायचे हे पैसे देणाऱ्याने सांगायचे नाही, ही त्यांची रेघ होती. व्यापार आणि कला यांच्या भांडणात ही रेघ मला सर्वांत उपयोगी वाटते.

आपण ज्या बंगालमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालो, त्या बंगालने त्यांना भरभरून मान दिला. रवींद्रनाथांना त्यांचे गाणे प्रिय होते. ‘सूरश्री’ ही पदवी त्यांना १९४८ मध्ये कलकत्त्याच्या रसिकांच्या संस्थेनेच दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याआधीच, साठीचे दशक अर्धे होण्यापूर्वी, त्यांनी जाहीर गाणे थांबवले होते.

या कडकपणाची किंमतही मोठी होती. शिकवलेही त्यांनी फार थोड्यांना. धोंडूताई कुलकर्णी हे त्यातले ठळक नाव. भर मैफिलीतल्या केसरबाई कशा होत्या, हे आज आपल्याला बरेचसे ऐकीव माहितीवरून समजून घ्यावे लागते. सामान्य माणसाच्या वाट्याला उरल्या त्या मुख्यतः बाजारासाठी काढलेल्या तबकड्या.

आणि त्यातल्याच एका तबकडीने नवल केले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत. बाख आणि बीथोवन आहेत, चक बेरीचे रॉक अँड रोलही आहे. भारताचा नमुना एकच, केसरबाईंची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. पहिले यान २० ऑगस्टला व दुसरे ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई मुंबईत निवर्तल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले.

तेव्हा ध्वनिमुद्रिका म्हणजे बाजार आणि बैठक म्हणजे कला, अशी सरळ वाटणी करता येत नाही. तबकडी विक्रीसाठीच निघाली होती. तीत उतरलेला सूर मात्र पंचवीस वर्षांच्या तालमीचा होता, आणि ती तालीम विक्रीसाठी केलेली नव्हती.

म्हणून मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. ऑर्केस्ट्रा जरूर ठेवावा, तेही मेहनतीचेच काम आहे. पण दहा दिवसांतली एक संध्याकाळ अशा कलाकारासाठी राखावी, ज्याला आपण फर्माईश करणार नाही. पुढच्या चारच रांगा भरल्या तरी चालेल; त्या रांगांत लहान मुलांना बसवावे.