पदापेक्षा तत्त्व मोठे : चिंतामणराव देशमुख

दिल्लीतील लोदी उद्यानाच्या शेजारी इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था आहे. देशोदेशींचे विद्वान, लेखक व कलावंत तेथे विचारविनिमयासाठी एकत्र येतात. तेथील एका सभागृहाला चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव दिलेले आहे. या संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष असलेले चिंतामणराव त्यापूर्वी देशाचे अर्थमंत्री होते आणि ते पद त्यांनी स्वतःहून सोडले होते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. या जिल्ह्याला त्या काळी कुलाबा म्हणत. त्यांचे वडील वकील होते. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडता विषय होता. १९१८ साली ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिले आले आणि मायदेशी परतल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रशासकीय सेवेत रुजू झाले.

१९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या महायुद्धामुळे महागाई वाढली होती. पाठोपाठ फाळणी झाली आणि दोन देशांमध्ये पैशाची वाटणी करण्याची वेळ आली. या कठीण काळात त्यांनी बँकेचा कारभार सांभाळला. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्थांचा पाया याच परिषदेत घातला गेला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नरपदी तेच होते.

१९५० साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्यांच्याकडे अर्थखाते सोपवले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. १९५५ साली इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले. खेड्यापाड्यांपर्यंत बँक पोहोचावी, हा त्यामागील हेतू होता.

याच सुमारास भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला. मुंबई महाराष्ट्राला न देता ती केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाला. मुंबईत जनक्षोभ उसळला. पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. चिंतामणरावांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता. पण तो लगेच स्वीकारला गेला नाही. मनात अशी व्यथा असतानाही हातातील काम त्यांनी थांबवले नाही. त्याच महिन्यात, १९ जानेवारीला, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा त्यांनी आकाशवाणीवरून केली.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील असे जाहीर केले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, असा चिंतामणरावांचा आक्षेप होता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नेहरूंना हे आक्षेप मान्य नव्हते. अखेर जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. या राजीनाम्याने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला बळ मिळाले. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

मंत्रिपद सुटले, तरी देशसेवा सुटली नाही. १९५६ पासून त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले आणि १९६२ साली ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नोकरी वा घरसंसार सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठी या विद्यापीठाने त्याच वर्षी पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. शाळा सुटलेल्या माणसाची शिकण्याची ओढ त्यांनी आपल्या घरातही पाहिली होती. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाईंची शाळा लहानपणीच सुटली होती. पण पुढे त्यांनी बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली, एम.ए. व कायद्याच्या पदव्या मिळवल्या आणि संविधान सभेच्या सदस्य म्हणून काम केले.

अर्थकारणात रमलेल्या चिंतामणरावांची संस्कृतची गोडी अखेरपर्यंत टिकली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. १९५९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, पण तीत त्यांचा पराभव झाला. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

पद हे काम करण्याचे साधन आहे, ते टिकवणे हे ध्येय नव्हे, हे चिंतामणरावांनी आपल्या आचरणातून दाखवून दिले. पटले नाही तेव्हा त्यांनी सत्ता सोडली. पण कामाकडे मात्र कधीच पाठ फिरवली नाही.