पापा जॉन क्रीच

ज्या वयांत माणसें पेन्शनीचा हिशेब करूं लागतात, त्या वयांत पापा जॉन क्रीच यांस खरी कीर्ति लाभली. म्हणूनच हें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

त्यांचा जन्म २८ मे १९१७ रोजीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांतांत बीव्हर फॉल्स येथें झाला. १९३५ सालीं त्यांचें कुटुंब शिकागोस गेलें. अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदांचीं दारें कृष्णवर्णीयांस त्या काळीं बहुधा बंदच असत. क्रीच यांस पोटासाठीं मद्यगृहांतून व्हायोलिन वाजवावें लागलें. तेथील कलकलाटांत या नाजूक वाद्याचा आवाज कोठून ऐकूं येणार! त्यावर उपाय म्हणजे विद्युत्-व्हायोलिन. यांत घोडीच्या कंपनांचा विजेचा प्रवाह बनतो व तोच कर्ण्यांतून मोठा नाद होऊन बाहेर पडतो. तरीहि त्यांच्या ब्ल्यूजमधील विव्हळता या यंत्रानें कमी झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

१९४५ सालीं ते लॉस एंजल्सला गेले. पुढील पंचवीस वर्षें अशाच मैफलींत सरलीं. जोई कोव्हिंग्टन या तरुण तालवादकाच्या ओळखीनें १९७० मध्यें 'जेफर्सन एअरप्लेन' या विख्यात रॉक-मंडळींत त्यांचा प्रवेश झाला. सोबती तिशीच्या आंतबाहेरचे, आणि हे त्रेपन्न वर्षांचे! १९७१ सालीं त्यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. १९७५ च्या 'रेड ऑक्टोपस' या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेंतहि त्यांचें वादन आहे.

१७ जानेवारी १९९४ रोजीं लॉस एंजल्स येथें भूकंप झाला, त्या वेळीं त्यांस हृदयविकाराचा झटका आला. २२ फेब्रुवारीस त्यांचें देहावसान झालें.