जेम्स रसेल लॉवेल : कवी, संपादक, मुत्सद्दी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेने १९१० मध्ये मुखपत्र सुरू केले, तेव्हा त्याला 'द क्रायसिस' हे नाव दिले. हे नाव सुचले ते एका गोऱ्या कवीच्या 'द प्रेझेंट क्रायसिस' या १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेवरून. हा कवी म्हणजे जेम्स रसेल लॉवेल.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील 'एल्मवूड' या घरात २२ फेब्रुवारी १८१९ रोजी लॉवेल यांचा जन्म झाला. वडील बोस्टनमध्ये धर्मोपदेशक होते. हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊनही वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १८४३ मध्ये काढलेले 'द पायोनियर' हे मासिक तीन अंकांतच बंद पडले आणि डोक्यावर कर्ज झाले. मात्र एडगर ॲलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' ही गाजलेली कथा याच मासिकात प्रथम छापून आली. १८४४ मध्ये त्यांचा विवाह मारिया व्हाइट यांच्याशी झाला. स्वतः कवयित्री असलेल्या मारिया गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या. त्यांच्या सहवासात लॉवेल यांची लेखणी चळवळीकडे वळली.

१८४८ हे वर्ष त्यांच्यासाठी यशाचे ठरले. मेक्सिकोवरील युद्ध हा गुलामगिरीच्या विस्ताराचा डाव आहे, असे त्यांचे मत होते. 'द बिग्लो पेपर्स'मध्ये न्यू इंग्लंडच्या ग्रामीण बोलीत त्यांनी या युद्धाची रेवडी उडविली. 'अ फेबल फॉर क्रिटिक्स'मध्ये समकालीन साहित्यिकांबरोबर त्यांनी स्वतःलाही सोडले नाही.

घरी मात्र दुःखाची छाया होती. चारपैकी तीन अपत्ये बालपणीच दगावली आणि १८५३ मध्ये मारियाही गेल्या. १८५५ मध्ये हार्वर्डमध्ये लाँगफेलो यांच्या जागी त्यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. १८५७ मध्ये ते 'अटलांटिक मंथली'चे पहिले संपादक झाले. यादवी युद्धात त्यांचे तीन पुतणे-भाचे कामी आले. युद्धात पडलेल्या हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी १८६५ मध्ये त्यांनी रचलेल्या स्मरणकाव्यामागे ही वैयक्तिक वेदनाही होती.

अध्यक्ष हेस यांनी १८७७ मध्ये त्यांना स्पेनमध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून पाठविले. १८८० ते १८८५ या काळात ते लंडनमध्ये त्याच पदावर होते. तेथे त्यांची खरी कसोटी लागली. आयर्लंडमधील दडपशाहीच्या कायद्याखाली आयरिश वंशाच्या काही अमेरिकी नागरिकांना अटक झाली. परक्या देशात तेथील कायदा मोडणाऱ्याला अमेरिकी नागरिकत्वाची ढाल वापरता येणार नाही, अशी लॉवेल यांची भूमिका होती. त्यामुळे ते इंग्रजधार्जिणे झाल्याची टीका मायदेशी झाली आणि त्यांना परत बोलावण्याची मागणीही पुढे आली. सरकारने त्यांना पदावर कायम ठेवले. याच लॉवेल यांनी १८८४ मध्ये बर्मिंगहॅम येथे इंग्रज श्रोत्यांपुढे लोकशाहीचे समर्थन करणारे व्याख्यान दिले, ते पुढे गाजले.

१८८५ मध्ये दुसऱ्या पत्नी फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ते पदमुक्त झाले. १२ ऑगस्ट १८९१ रोजी एल्मवूडमध्येच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

विसाव्या शतकात कवी म्हणून त्यांची कीर्ती ओसरली. उत्तरायुष्यात त्यांच्यातील सुधारकाचा आवेश मंदावल्याचा आक्षेपही अभ्यासकांनी घेतला. परंतु ऐन पंचविशीत लिहिलेली ती एक कविता टिकली. १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेला मोर्चा माँटगोमेरीत पोहोचला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी हजारोंच्या जनसमुदायापुढे तिच्याच ओळींचा आधार घेतला.