काळ्या वस्त्रांतली अन्नपूर्णा

भगिनींनो, यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कोणा नामवंत स्त्रीचे चरित्र द्यावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून ज्या बाईंची ओळख मला स्वयंपाकघराच्या वाटेने झाली, त्यांची हकिकत सांगते. माझी पुतणी अमेरिकेत असते. नोव्हेंबर महिन्यात तिकडे घरोघर मोठी पंगत होते, लांबलांबची मुले त्या दिवसासाठी आईबापांकडे येतात. तो आभाराचा सण, त्याला तिकडे थँक्सगिव्हिंग म्हणतात. हा सण कोणी सुरू केला असे मी तिला विचारले. तिने जे सांगितले आणि वाचून दाखवले, ते वहीत टिपून घेतले. त्यावरून हे लिहिले आहे.

बाईंचे नाव सारा जोसेफा हेल. मी त्यांना साराबाईच म्हणणार. त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात न्यूपोर्ट या गावी झाला. त्या काळी तिकडेही मुलींना कॉलेजची दारे बंद होती. साराबाईंना आईने घरी लिहायला वाचायला शिकवले. भाऊ कॉलेजात जाई, तो सुटीत घरी आला की शिकलेले सारे बहिणीला शिकवी. अशा रीतीने घरबसल्या त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्या शाळेत शिकवू लागल्या. १८१३ साली डेव्हिड हेल या वकिलाशी त्यांचे लग्न झाले. नवरा समजूतदार होता. रोज रात्री दोन तास दोघे मिळून वाचन करीत. संसारात राहून बायको लिहू लागली ती या माणसाच्या उत्तेजनामुळे.

पण हे सुख नऊ वर्षेच टिकले. १८२२ च्या सप्टेंबरात डेव्हिड हेल वारले. साराबाईंना तेव्हा चौतिसावे चालू होते. पदरी चार मुले, आणि पाचवे पोटात. ते बाळ वडील गेल्यावर थोड्याच दिवसांत जन्मले. त्या दिवसापासून साराबाईंनी काळे कपडे घातले ते अखेरपर्यंत बदलले नाहीत.

रडत बसून पाच तोंडे भरत नाहीत. साराबाईंनी नणंदेच्या जोडीने बायकांच्या टोप्या शिवून विकायचे दुकान काढले. नवऱ्याच्या मित्रमंडळींनी मदत केली आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक छापून दिले. मग १८२७ साली त्यांची कादंबरी आली, तिचे नाव नॉर्थवुड. ती वाचून बोस्टन शहरातून बोलावणे आले, बायकांसाठी मासिक काढायचे आहे, संपादन कराल का? १८२८ साली त्या बोस्टनला गेल्या. कोकरू पाठोपाठ शाळेत जाते ते इंग्रजी गाणे आपली नातवंडे बालवाडीत म्हणतात ना, ते मेरीचे गाणेही १८३० साली याच बाईंनी छापले.

त्या कादंबरीत या सणाच्या जेवणाचे एक सबंध प्रकरण आहे. टेबलाच्या एका टोकाला आत सारण भरून भाजलेली टर्की, दुसऱ्या टोकाला गाईचे, डुकराचे, मेंढीचे मांस. बाजूंना हंस आणि बदके. शिवाय कोंबडीचे सारण घातलेली पाय, म्हणजे लोणी घातलेल्या कणकेच्या पारीत भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. आपल्यातल्या शाकाहारी भगिनींनी नाक मुरडू नये. तिकडच्या हिवाळ्यात जमीन गोठते, ताजी भाजी मिळत नाही, त्या मुलखाचे अन्न ते असे. शेवटी गोडाधोडाचे ताट, आणि त्यात मान लाल भोपळ्याच्या पायचा. भोपळा उकडून गाळायचा, त्यात दूध, अंडी, साखर किंवा काकवी, सुंठ आणि जायफळ घालायचे, पारीत ओतून भाजायचे. आपण लाल भोपळ्यात गूळ घालून घारगे करतो, त्याची ही लांबची बहीणच म्हणा.

त्या वेळी घराघरांत विटांची भट्टी असे. आत लाकडे पेटवून विटा तापवायच्या, मग निखारे व राख ओढून काढून त्या उष्णतेवर भाजायचे. बायका सणाच्या आधीपासून पाय करून थंड खोलीत मांडून ठेवीत. दिवाळीत आपले पत्र्याचे डबे भरतात तसेच ते. शरद ऋतूत मका, भोपळे, सफरचंदे घरात आलेली असत. आपल्याकडे दसऱ्याला नवे धान्य येते, कोकणात नवान्न करतात, त्यामागचा आनंद आणि तिकडचा आनंद एकच.

साराबाईंचे मासिक पुढे फिलाडेल्फिया शहरातील गोडीज लेडीज बुक या मासिकात सामील झाले. १८३७ पासून १८७७ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्यांनी ते चालवले. १८६० च्या सुमारास त्याच्या दीड लाख प्रती खपत. रंगीत कपड्यांची चित्रे, शिवणाचे नमुने, घरांचे नकाशे, पाककृती, गोष्टी, सगळे त्यात असे. १८३९ साली त्यांनी गृहिणींसाठी स्वयंपाकाचे व घरकामाचेही पुस्तक लिहिले.

आता मुख्य गोष्ट. आभाराचा सण साराबाईंनी शोधून काढला असे नाही. त्यांच्या भागात तो जुना होता. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७८९ साली एकदा तो सबंध देशासाठी जाहीरही केला होता. पण नेम नव्हता. प्रत्येक राज्याचा गव्हर्नर आपल्या मनाने दिवस ठरवी, आणि दक्षिणेत तर पुष्कळ ठिकाणी तो पाळतच नसत. साराबाईंच्या मनाने घेतले की नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या देशाने एकदम पाळावा. १८४६ पासून त्यांनी मासिकात त्यावर लिहायला सुरुवात केली. दर शरदात अग्रलेख, त्याच्या जोडीला सणाच्या गोष्टी आणि पाककृती. शिवाय हाताने लिहिलेली पत्रे, गव्हर्नरांना आणि एकामागून एक येणाऱ्या अध्यक्षांना. पुष्कळ राज्यांनी ऐकले, पण सबंध देशाचा दिवस काही ठरेना.

एवढा हट्ट एका जेवणासाठी का? साराबाईंचा विचार असा की, उत्तर आणि दक्षिण यांच्यात गुलामगिरीवरून फूट वाढत आहे. साऱ्या देशाने एका दिवशी, एका वेळी ताटावर बसावे, म्हणजे आपण एका घरचे आहोत हे लोकांना आठवेल. घरात दोन भावांचे बिनसले की आई सणाचे निमित्त काढून दोघांना एका पंगतीत बसवते, तसेच हे.

पण पंगतीने फूट सांधली नाही, हेही सांगायला हवे. १८६१ साली यादवी युद्ध पेटले. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गच्या एका लढाईत तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. किती घरांत एक पाट रिकामा राहिला असेल! अशा वेळी, २८ सप्टेंबर १८६३ रोजी, पंचाहत्तरी गाठत आलेल्या साराबाईंनी अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिले. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, लिंकन यांचा जाहीरनामा निघाला. त्यात विधवा, पोरकी मुले आणि दुःखी लोक यांची आठवण ठेवण्यास सांगितले होते. त्या वर्षी २६ नोव्हेंबरला हा सण झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी होत आला. १९४१ साली कायदा होऊन नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायमचा ठरला. ते पाहायला साराबाई नव्हत्या. ३० एप्रिल १८७९ रोजी नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या होत्या.

चरित्र लिहिताना नुसती स्तुती करू नये असे मला वाटते. बायकांनी शिकावे, शिकवावे, डॉक्टर व्हावे म्हणून साराबाई जन्मभर झगडल्या, पण बायकांनी मत द्यावे हे त्यांना पसंत नव्हते. तो हक्क तिकडे १९२० साली मिळाला. गुलामगिरी त्यांना आवडत नव्हती, पण सुटलेल्या गुलामांनी आफ्रिकेत जावे असे त्या म्हणत, ते आज पटत नाही. आणि या सणाची जी मूळ कथा सांगतात, १६२१ साली प्लिमथ येथे गोरे वसाहतवाले आणि वाम्पानोआग लोक एकत्र जेवल्याची, त्यात पाच हरणे आणली ती त्या मूळच्या लोकांनी. पुढे त्यांचीच जमीन गेली. म्हणून १९७० पासून त्यांच्यातले काही लोक प्लिमथला त्या दिवशी शोक पाळतात. पंगत मांडताना कोण उपाशी राहिले तेही पाहावे, हे यावरून कळते.

आपल्याशीही साराबाईंचा एक धागा आहे. फिलाडेल्फियाला १८५० साली स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज निघाले. लोक हसत होते तेव्हा साराबाईंनी मासिकातून त्याची बाजू घेतली, आणि पूर्वेकडच्या देशांतल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात म्हणून खटपट केली. त्याच कॉलेजात आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. साराबाई तेव्हा हयात नव्हत्या, पण रस्ता साफ करणाऱ्यांत त्यांचा हात होता.

हे चरित्र लिहिताना मला सारखे वाटत होते, की सबंध देशाला सणाचे ताट वाढणारी ही बाई विधवा होती. आपल्याकडे तिला काय स्थान मिळाले असते? पुरण तिने वाटायचे, दिवाळीचे लाडू तिने वळायचे, आणि हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत बसायचे. हे आमच्या आज्यांच्या काळी होते म्हणून सोडून देता येत नाही, अजूनही होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद केल्या. एका खेडेगावाला जे जमले ते आपल्या मंडळाला का जमू नये?

आपल्या मंडळात नवरात्राचा फराळ होतो, कोजागरीचे दूध होते, संक्रांतीचे हळदीकुंकू होते. यंदा आमंत्रण देताना सवाष्ण आणि विधवा असा भेद न करता प्रत्येक भगिनीच्या घरी जावे, आणि तिच्याकडून नुसते काम न घेता तिला पहिल्या पंगतीत बसवावे, असे मी सुचवते. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, एवढी कार्यकारी मंडळास विनंती करून लेख पुरा करते.