सल्लागाराचे कर्तव्य आणि र. धों. कर्वे

मनाची व्यथा घेऊन आलेल्या माणसाशी सल्लागाराने कसे वागावे, याची पहिली लेखी आचारसंहिता अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५३ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी रघुनाथ धोंडो कर्वे निवर्तले. ते गणिताचे प्राध्यापक, मानसशास्त्रज्ञ नव्हेत. तथापि त्या संहितेमागील एक मूलतत्त्व त्यांनी मुंबईत कितीतरी आधी आचरले होते.

महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव १८८२ साली जन्मले. १९२१ साली त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साहाय्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील नोकरी गेली, पण कार्य सुटले नाही. जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालविले. घरात वा गुरुजनांपाशी जे विचारण्याची सोय नव्हती, ते वाचक त्यांना पत्राने विचारीत. विचारणाऱ्याला पापी न ठरविता, शास्त्राला ठाऊक असेल ते सांगणे, हा कर्व्यांचा परिपाठ होता.

हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. शिवाजी पार्कलगतच्या चैत्यभूमीवर ज्यांना अभिवादन करण्यास दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक येतात, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि अज्ञानाला ज्ञान हाच उतारा होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

कर्व्यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते आणि पत्रावरून माणसाची तपासणी होत नाही. आपल्या पात्रतेबाहेर सल्ला देऊ नये, हे बंधन आजची संहिता घालते, ते योग्यच होय. रुग्णाच्या माहितीची गुप्तता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याचा हक्क ठरविली आहे. समलिंगी व्यक्तीला 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळविले. ज्या प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दल कर्व्यांना दंड झाला, त्याच प्रश्नावर नियमाला येथवर यायला अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली. तरीही दाराशी आलेल्या तरुणाला त्याच्याच लाजेचे भय दाखवून पैसा मिळविण्याचा धंदा अद्याप थांबलेला नाही. तो थांबवायचा, तर नियमपुस्तकाबरोबर कर्व्यांची निर्लोभ सत्यनिष्ठाही या व्यवसायाच्या शिक्षणात आली पाहिजे.