कुलाब्याचे पहिले खासदार : कै. चिंतामणराव देशमुख

कै. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचे नाव आपल्या ज्ञातीतील मुलांच्या कानी फार लवकर पडते. मॅट्रिकला पहिले, संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, केंब्रिजचे पदवीधर, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ही जंत्री घरोघरी पाठ असते. अभ्यासास न बसणाऱ्या मुलास ती ऐकविण्याचा प्रघात आमच्याही घरी होता. परंतु हेच चिंतामणराव दोन वेळा उमेदवार म्हणून उभे राहिले. एकदा जिंकले, एकदा हरले. आणि जिंकलेल्या जागेशी इमान राखताना त्यांनी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले, ही हकीगत मात्र क्वचितच सांगितली जाते. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तीच ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

महाड तालुक्यात रायगडाच्या वाटेवर नाते नावाचे गाव आहे. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील वकील होते. मुलाची सारी उमेदीची वर्षे मात्र सरकारी चाकरीत गेली, व मतासाठी कोणापुढे हात जोडण्याचा प्रसंग पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्यावर आला नाही. १९४३ ते १९४९ ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली. १९५० साली पंडित नेहरूंनी त्यांस नियोजन मंडळावर घेतले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. जॉन मथाई यांच्या जागी अर्थमंत्री केले. तोवर ते कोणत्याही पक्षाचे पुढारी नव्हते.

पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा काँग्रेसच्या तिकिटावर ते कुलाबा मतदारसंघातून उभे राहिले. त्या काळचा कुलाबा जिल्हा ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्याची अडचण सांगावयास नको. जागोजागी खाड्या आणि तरी, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, आणि मुंबईस जाण्यासाठी रेवस-धरमतरची लाँच. कुळांच्या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाने येथे खोल मुळे धरली होती. अशा ठिकाणी इंग्रजी अर्थशास्त्रात मुरलेल्या माणसाने भातशेती करणाऱ्या मतदारांचा विश्वास मिळवावयाचा होता. आपल्या ज्ञातीची मते मोजून कुलाब्यात कोणी निवडून येत नाही, हेही येथे स्पष्टपणे सांगितलेले बरे. आपली संख्या ती केवढी! ते निवडून आले ते आगरी, कोळी, कुणबी, मराठा, मुसलमान अशा नाना समाजांनी मिळून बनलेल्या या जिल्ह्यातून. त्यांचा अभिमान आपण बाळगावा, पण यशाचा वाटा मागताना हे विसरू नये.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी पहिल्या पंचवार्षिक योजनेस पैसा उभा केला. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. विम्याची ही घोषणा झाली त्याच आठवड्यात चिंतामणरावांच्या आयुष्यातील मोठी कसोटी उभी राहिली.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी मुंबई शहर केंद्राच्या कारभाराखाली ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात शंभराहून अधिकांनी प्राण दिले. चिंतामणरावांनी लागलीच राजीनामा देऊ केला. तथापि अंदाजपत्रक तोंडावर होते. ते त्यांनीच मांडले, व जुलै १९५६ मध्ये राजीनामा अमलात आला. लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, ही एक. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे, ही दुसरी. नेहरूंना पहिला आरोप मान्य नव्हता. दोघांचा परस्परांविषयीचा आदर मोठा होता. १९५३ साली चिंतामणरावांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला तेव्हा नेहरू साक्षीदार होते. म्हणूनच हे निवेदन देणे सोपे गेले नसेल, असे आम्हांस वाटते. कित्येक मराठी पुढारी त्या वेळी पक्षशिस्तीचे कारण सांगून जागीच राहिले. ज्याला पक्ष असा नव्हताच, तो मात्र उठून बाहेर पडला.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद, १९५९ चे मॅगसेसे पारितोषिक, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद हे सारे आले. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला.

दुसरी निवडणूक १९६९ ची, राष्ट्रपतिपदाची. डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाल्यावर काँग्रेस दुभंगली. पक्षाचे उमेदवार संजीव रेड्डी आणि इंदिरा गांधींचा कौल व्ही. व्ही. गिरी यांस. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी चिंतामणरावांस उभे केले. येथे आम्ही थोडे अडखळतो. नुकतेच जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते व स्वतंत्र पक्ष त्याच्या विरोधात होता. आणि स्टेट बँक व विमा ज्यांच्या हातून सरकारी झाले तेच त्या पक्षाचे उमेदवार! सरकारची मनमानी त्यांस खुपत असावी, असा तर्क करता येतो. पण हे कोडे आमच्या मनातून पुरते गेलेले नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी, यश दिसत नसताना, ते उभे राहिले एवढे खरे. त्यांस १,१२,७६९ मूल्याची मते पडली आणि ते तिसरे आले. पहिल्या मोजणीत कोणासच आवश्यक बहुमत नव्हते. त्यामुळे त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजावी लागली. तिचा मोठा भाग रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले.

१९७५ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. लोकसभेचा मतदारसंघ मात्र २००८ च्या फेररचनेपर्यंत कुलाबा याच नावाने ओळखला जाई, आणि त्याच्या खासदारांच्या यादीत पहिले नाव नात्याच्या या चिंतामणरावांचे आहे.