पाठीवरची अ‍ॅम्ब्युलन्स

२०२०चा चैत्र आठवतोय ना? गडावरचा चैत्रोत्सव रद्द, एसटी बंद, वणीतली पेठ सामसूम. तू तेव्हा शाळेत असशील. पण घरातली कुजबुज कानावर आलीच असेल. आजीच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, वहिनीची सोनोग्राफी राहिलीय, नाशिकला न्यायचं तर कसं? ज्यांना कोरोना झालाच नव्हता, त्यांचेही दवाखान्यावाचून हाल झाले. तेव्हा राज्यात लागू केलेला साथरोग कायदा कधीचा, माहितीय? १८९७चा, प्लेगच्या वेळचा. त्याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या.

मुलींची शाळा, अंगावर फेकलेलं शेण हे सगळं तुला पाठ आहे. ३ जानेवारीला भाषणही ठोकलं असशील. म्हणून आपण दुसरीकडून सुरुवात करू, एका बाळंतपणापासून.

१८६३मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले की तिला कुठलं माहेर आणि कुठली सुईण? लपूनछपून बाळंत व्हायचं, नाहीतर विहीर जवळ करायची. इथे मात्र गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता यायचं. सोय साधीच, पण तिच्यासाठी सगळीकडे दारं बंद होती. काशीबाई नावाची अशीच एक विधवा तिथे बाळंत झाली. तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. यशवंत त्याचं नाव. पुढे तो डॉक्टर झाला.

१८९६मध्ये प्लेग मुंबईत आला आणि तिथून पुण्यात पोचला. जोतिरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सावित्रीबाई सहासष्टीच्या, यशवंत लष्कराच्या नोकरीत. त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, शहराबाहेर, दवाखाना सुरू झाला.

डॉक्टर होता, जागा होती. पण पेशंट तिथवर आणायचा कोणी? प्लेगच्या माणसाजवळ जायला लोक घाबरायचे, आणि महारवाड्यातल्या माणसाला तर एरवीही कोणी शिवत नव्हतं. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाई स्वतः गेल्या. पोराला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुंढवा-हडपसर आज रिक्षाने काहीच नाही (ट्रॅफिक नसेल तर!). पण तापाने फणफणलेलं पोर पाठीवर, वय सहासष्ट, अशी ती वाट एकदा डोळ्यांपुढे आण.

त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी रँडच्या हाताखालचे सोल्जर पुण्यात घराघरांत शिरून रोगी शोधू लागले, आणि लोक आपल्या आजारी माणसांना लपवू लागले.